सोफा विकला त्या दिवशी

सोफा शुक्रवारी गेला.
शाजी आणि त्याचा मेहुणा आले, पंधरा दिनार मोजून दिले,
लिफ्टमध्ये मावेना म्हणून
चार मजले जिन्यानं उतरवला.
मागे राहिला फरशीवरचा एक उजळ चौकोन,
दोन नाणी, पांढऱ्या केसांचे पुंजके
आणि तीन वर्षांपूर्वी हरवलेला रिमोट.

संध्याकाळी बत्तासा पिंजऱ्याबाहेर आला.
रोजच्यासारखा भिंतीला घासून,
गालिच्याच्या टोकाशी थांबून,
मग वळला
आणि नसलेल्या सोफ्याला
त्यानं अख्खा वळसा घातला.

मला हसू आलं.
सुमेधा, बघ गं, म्हटलं, सवय कशी असते.
ती हसली नाही.
"भांड्यांचा तो खोका," म्हणाली, "ठेव त्याच्या वाटेत."

ठेवला.
तो सरळ आला आणि नाक आपटलं.

मी रिफायनरीत मापयंत्रं तपासतो, एकवीस वर्षं.
काटा एका दिवसात खोटा होत नाही.
रोज केसभर सरकतो,
आणि रोज बघणाऱ्याला जागच्या जागी दिसतो.
हे मी नव्या पोरांना शिकवतो.

कोथिंबिरीची जुडी पुढे केली
तर हल्ली मान डावी-उजवी हलवायचा,
जुन्या रेडिओवर स्टेशन शोधावं तसा,
आणि मग नाक.
आम्ही म्हटलं, म्हातारपणचे नखरे.
पाठीवर हात ठेवला की दचकायचा,
मागच्या पायानं फरशीवर धप्प.
आम्ही म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या ड्रिलला वैतागलाय.
जूनमध्ये वाळू उठली, इथले लोक म्हणतात तोझ,
सगळं फहाहील हळदीच्या रंगाचं झालं,
समुद्र दिसेना, समोरची मशीद दिसेना,
तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यात
ताक सांडल्यासारखं काही होतं.
आम्ही म्हटलं, धूळ.
ओल्या फडक्यानं पुसलं.
दोन दिवसांनी धूळ बसली.
ताक तसंच.

रेवा आठवीत होती, शुक्रवारच्या बाजारातून
तिनं त्याला शाळेच्या स्वेटरच्या बाहीत आणला होता.
ती आता विनिपेगला. फोनवर विचारते,
बत्तासा काय म्हणतोय?
मजेत आहे, सांगतो.

डॉक्टर हनादी दमास्कसच्या.
त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर वरून
कापसाचा एक बोळा सोडला.
कापूस पडताना आवाज होत नाही.
कान हलले नाहीत.
डोळेही नाहीत.
पुन्हा सोडला, दुसऱ्या बाजूनं.
मग चावीचा जुडगा वाजवला, तेव्हा मात्र दोन्ही कान उभे.

"वर्षभर तरी झालं असेल," त्या म्हणाल्या,
"घर पाठ आहे ना त्याला, म्हणून कळलं नाही तुम्हाला.
या वयात कापाकापी नको.
आधी बोला, मग हात लावा.
आणि घरातलं काही हलवू नका."

बिल अठरा दिनार. सोफा गेला, वर तीन.

काही हलवू नका.
एकोणतीस तारखेला आमचा व्हिसा संपतो.
फ्रिज बुधवारी जाणार, पलंग त्यानंतर,
पडद्यांना गिऱ्हाईक आहे.

गाडीत आम्ही बोललो नाही.
त्याची पेटी सुमेधाच्या मांडीवर,
ती जाळीतून आत काहीतरी पुटपुटत होती,
आधी बोला, म्हटलं होतं ना.

रात्री मी टेप काढली.
उजळ चौकोन मोजला: सात फूट बाय तीन.
भांडी, रेवाची पुस्तकं, मिक्सर, देव्हाऱ्याचं सामान,
खोके त्या मापात लावले, कडेला कड.
"आणि रत्नागिरीला?" सुमेधानं विचारलं.
उत्तर नव्हतं, मी चिकटपट्टी ओढत राहिलो.
"गालिचा धुवायला टाकू नकोस," ती म्हणाली,
"वास जाईल त्याचा. तसाच न्यायचा."

दिवा घालवला.
खिडकीत अहमदीकडची ज्वाळा, नेहमीची,
तिचाही उजेड नको म्हणून डोळे मिटले
आणि भिंत धरून चालून पाहिलं,
दारापासून स्वयंपाकघरापर्यंत,
एकवीस वर्षांचं घर.

सातव्या पावलाला
मिक्सरचा खोका नडगीला लागला.
कळवळून खाली बसलो.
थोड्या वेळानं अंधारातून नखांचा बारीक आवाज आला,
जवळ, आणखी जवळ,
मग माझ्या पायाला वळसा घालून
पुढे गेला.